निघताना पाच, परतताना सहा

वाचकहो, चिंचोळी एमआयडीसीला कोणी सहलीला जात नाही. सोलापूरचा माणूस पाहुण्याला भुईकोट किल्ला दाखवतो, हिप्परग्याचा तलाव दाखवतो, अगदीच हौस असली तर नान्नजच्या माळावर काळवीट दाखवायला नेतो. चिंचोळीला माणूस जातो तो हजेरी लावायला, आणि शिफ्ट सुटली की परत येतो. परंतु गेल्या वर्षीच्या जानेवारीत आमचे अख्खे कुटुंब तिथे सहलीला गेले, आणि सकाळी अकरा ते दुपारी साडेतीनपर्यंत आम्ही ती वसाहत अशी काही पाहिली की तिथल्या कामगारांनीही पाहिली नसेल. त्याचे कारण आमचे थोरले आबा.

निमित्त हुरड्याचे होते. आमचे दाजी तिथल्या एका कारखान्यात फिटर आहेत आणि राहायला कोंडीत. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे रान चिंचोळी काटीच्या शिवारात, एमआयडीसीच्या कुंपणाला अगदी लागून आहे. त्याने गूळभेंडीचा हुरडा खास राखला होता. "रविवारी या सगळे. आबांनाही आणा, मोकळी हवा लागेल," असा आक्काचा निरोप आला. आम्ही एक रिक्षा ठरवली आणि निघालो.

पुणे रस्त्याने बाळे गेले, केगाव गेले, विद्यापीठाची कमान गेली. कोंडीच्या पुढे टँकरच्या रांगा दिसू लागल्या. जवळच पाकणीला तेलाचा डेपो आहे, तिथले हे पाहुणे. सोलापुरापासून पंधरा-अठरा किलोमीटर आल्यावर रस्त्याच्या कडेने पत्र्याची शेड, उंच टाक्या, धुराडी सुरू होतात. ही चिंचोळी एमआयडीसी. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली १ ऑगस्टला स्थापन झाले, आणि जिथे जिथे माळरान होते तिथे तिथे त्याचे दगड रोवले गेले. इथेही मूळचा माळच. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. मुरमाड जमीन, मधूनच एखादी काळी पट्टी, आणि त्या पट्टीत ज्वारी. मालदांडीचा प्रसिद्ध एम ३५-१ हा वाण इथून पुढे मोहोळच्याच संशोधन केंद्रातून आलेला. म्हणजे एका बाजूला कास्टिंगची भट्टी आणि बांधाच्या अलीकडे हुरड्याची आगटी, असे दृश्य तुम्हाला इथेच पाहायला मिळेल.

आता थोरल्या आबांविषयी. आबा म्हणजे माझे सख्खे चुलते, वडिलांचे सर्वांत मोठे भाऊ. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या पिढीतले आपल्या समाजातले निम्मे लोक १ जूनलाच जन्मले आहेत, मास्तरांची कृपा. आबांनी सोलापूरच्या एका गिरणीत साचे खात्यात हयात काढली. १८७७ साली सुरू झालेल्या 'जुन्या मिल'पासून ज्या गिरण्यांनी हे शहर उभे केले, त्या एकेक करून बंद पडल्या. त्यात आबांचीही पडली. गेली तीन वर्षे त्यांना विस्मरणाचा आजार आहे. मला ते माझ्या वडिलांच्या घरच्या नावाने हाक मारतात. वडील जाऊन सहा वर्षे झाली. सुरुवातीला आम्ही दुरुस्त करत होतो, पुढे सोडून दिले. १९७० सालचा महागाई भत्ता त्यांना पैशापर्यंत पाठ आहे, मात्र सकाळी चहा झाला की नाही ते विचारून घ्यावे लागते.

असे हे एकटे आमच्याच घरी आहे असे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना अशा प्रकारचे विस्मरण आहे. आपण त्याला "म्हातारचळ" म्हणतो आणि गप्प बसतो.

त्या दिवशी सकाळी मात्र आबा खुशीत होते. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी चहूकडे पाहिले आणि मला विचारले, "तळ्याचं काम कुठवर आलं?" मी म्हटले, "चाललंय, आबा." थोड्या वेळाने त्यांनी आक्काला तेच विचारले. पुढे आमच्या सौ.ना. ती हसून म्हणाली, "होईल हो आबा, आधी हुरडा खा." हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण तिसऱ्यांदा विचारले तेव्हाही आमच्यापैकी एकाही शहाण्या माणसाने "कुठलं तळं?" असा उलट प्रश्न केला नाही.

दाजी रात्रपाळी करून थेट शेतावर आले होते. त्यांनी कंपनीचे निळे जाकीट बाभळीच्या फांदीला अडकवले, सेफ्टी शूज काढून ठेवले, चपला घातल्या आणि झाडाखाली ताणून दिली. आबांना खाटेवर बसवले. आगटीत शेण्या पेटल्या, कणसे भाजू लागली, शेंगाची चटणी निघाली, दही निघाले. बायकांच्या गप्पा रंगल्या. मी शेतकऱ्याशी सोसायटीच्या निवडणुकीवर बोलत होतो. पहिला घाणा चोळून झाला तेव्हा आक्का पत्रावळ घेऊन खाटेकडे गेली आणि तिथूनच ओरडली, "आबा कुठायत?"

खाटेवर काठी होती, टोपी होती, खाटेखाली चपला होत्या. आबा नव्हते.

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही मोठ्या माणसांनी जे केले ते सांगायला लाज वाटते. आम्ही भांडलो. आक्का म्हणाली, तू लक्ष ठेवायचे. मी म्हणालो, माहेरचा माणूस तुझ्याकडे आलाय, तू ठेवायचे. सौ. म्हणाली, मी आधीच सांगत होते की आणू नका. नंतर सगळे चार दिशांना "आबा, आबा" ओरडत पळाले आणि पाच मिनिटांत परत येऊन पुन्हा भांडू लागले.

या गोंधळात तीन माणसे शांत होती. माझी भाची, वय १५, दहावीत. तिचा धाकटा भाऊ, वय ११. आणि आमचे चिरंजीव, वय १३. चिरंजीवांनी त्या उन्हाळ्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ओळीने वाचून काढला होता, त्यामुळे फुरसुंगीचा तो पोरगा जणू आमच्याच भाडेकरूंपैकी एक असल्यासारखा घरात वावरत होता. चिरंजीवांनी ताबडतोब जाहीर केले की कोणीही खाटेला हात लावू नये, ठसे पुसतील. त्यांना त्यांच्या आईने एक धपाटा घातला. भाचीने मात्र दप्तरातली वही काढली (दहावीचे वर्ष, हुरड्यालाही दप्तर!) आणि लिहिले: काठी आहे. टोपी आहे. चपला आहेत. आबा अनवाणी गेले का?

मी शेतकऱ्याची मोटारसायकल घेतली आणि हायवेकडे निघालो, कारण भीती हायवेचीच होती. आक्काने दाजींना हलवून उठवले. दाजी म्हणाले, "चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस नोंद घेत नाहीत." वाचकहो, हा समज सपशेल चुकीचा आहे, तो डोक्यातून काढून टाका. माणूस हरवल्याची तक्रार कधीही देता येते, थांबण्याचा कसलाही नियम नाही. मी वाटेतच ११२ ला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे वर्णन विचारले. मी धडाधडा सांगितले: वय ७७, पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात काठी, पायात चपला. आबा मला कधीही दिसले ते असेच दिसले. खाटेवरची टोपी आणि काठी मी तासापूर्वी डोळ्यांनी पाहिली होती, तरी तोंडातून तेच निघाले.

"फोटो पाठवा," असे बाईंनी सांगितले. माझ्या मोबाईलमध्ये काही हजार फोटो आहेत. जयंतीच्या मिरवणुकीचे आहेत, मोर्चांचे आहेत, चिरंजीवांच्या प्रत्येक वाढदिवसाचे आहेत. आबांचा एकट्याचा एकही निघाला नाही. एका फोटोत त्यांचा अर्धा कान होता. दुसऱ्यात ते होते पण पुढे केक होता. शेवटी २०११ सालच्या एका लग्नातला सापडला. त्यात आबांना फेटा आहे, भरघोस मिशा आहेत. आज मिशा नाहीत, फेटा तर त्या दिवसापुरताच होता. तोच पाठवला. काय करणार!

इकडे दाजींनी चिंचोळीतल्या पोरांना फोन केला. चौघे जण आणि एक चालक असा टेम्पो निघाला, त्यावर जयंतीच्या मंडळाचा कर्णा बांधलेला. मी दिलेले वर्णन त्यांनी कर्ण्यावरून सुरू केले. दाजी स्वतः निघायला उठले आणि म्हणाले, "माझे बूट कुठायत?"

त्यांच्यावर सगळे तुटून पडले. "माणूस हरवलंय आणि तुम्हाला बुटाचं पडलंय!" बिचारे दाजी चपलांवर निघून गेले. एकट्या भाचीने वहीत पुढची ओळ लिहिली: बूट नाहीत. फांदीकडे पाहून आणखी एक लिहिली: जाकीट नाही.

तिने मला फोन केला होता. एकदा नव्हे, चारदा. मी हायवेवर होतो, ट्रकच्या आवाजात ऐकू आला नाही. त्यामुळे जो माणूस निळे जाकीट आणि सेफ्टी शूज घालून, बोडक्या डोक्याने, बिनकाठीने चालला होता, त्याला सारी चिंचोळी टोपी-काठीवाला म्हणून शोधत होती.

ही वसाहत माणसाला चकवायला फार सोयीची आहे. रस्ते रुंद आणि सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. कोणत्याही चौकात उभे राहा, चारी बाजूंना तेच दिसते: कंपाउंडची भिंत, वेडी बाभूळ, गाजरगवत, लोखंडी फाटक आणि प्लॉट नंबरची पाटी. काही शेडमधून यंत्रांचा घरघराट येतो, काहींच्या फाटकाला गंजलेले कुलूप असते आणि भिंतीवर 'जागा भाड्याने देणे आहे' लिहिलेले असते. वाऱ्याची दिशा बदलली की रसायनाचा वास बदलतो, आणि जुने कामगार म्हणे वासावरून प्लॉट ओळखतात. मला दोनदा तोच चहावाला भेटला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने न विचारता चहा पुढे केला. मी सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. पोलीसही येऊन गेले, त्यांनी नोंद केली, दोन रस्ते पाहिले. दुपार होऊ लागली. जानेवारीत सहा-सव्वासहाला दिवस मावळतो, आणि या माळावर लांडगे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत मात्र कोणी नव्हते.

मुलांनी काय केले ते नंतर वहीवरून समजले. भाची आणि भाचा कोंडीहून सायकलींवरच आले होते. चिरंजीव भाच्याच्या कॅरियरवर बसले. चिरंजीवांचा सिद्धांत असा की आबा गिरणीचे माणूस, साडेअकराला कुठे तरी भोंगा वाजला, त्यांना पाळी आठवली आणि ते भोंग्याच्या दिशेने कामावर गेले. सिद्धांत चांगला होता. प्रत्येक फाटकावर जाऊन त्यांनी विचारले, "आमचे आजोबा कामावर आलेत का?" एका वॉचमनने रजिस्टरच काढून दाखवले. सेफ्टी शूजचे ठसे शोधावेत तर फाटकाबाहेरच्या धुळीत शेकडो ठसे, सगळे एकाच नक्षीचे. चिरंजीवांनी सात ठिकाणी मोजपट्टी लावली आणि सातही ठसे आबांचे ठरवले.

एका बंद युनिटच्या फाटकावर मात्र धागा सापडला. तिथले वॉचमन म्हणाले, "टोपीवाला म्हातारा? न्हाई बा. एक रिटायर कामगार गेला तेवढा. निळं जाकीट. ताठ चालत हुता. मला जयभीम घातला, म्या बी घातला. म्हणला, तळ्यावर चाललोय."

भाचीने सायकल उभी केली आणि मला नव्हे (माझ्यावर तिचा विश्वास उडाला होता) तर सोलापूरला आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण, सत्तरीच्या पुढची. भाचीने विचारले, "आज्जी, आबा सारखं तळ्याचं काम विचारत होते. कुठलं तळं?"

आत्या म्हणाली, "अगं, बहात्तरचं. तिकडंच आहे ते, चिंचोळीच्या माळाला."

मी चाळिशी ओलांडली आहे. समाजकार्यात वीस वर्षे झाली. दुष्काळावर दोन भाषणे केली आहेत. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, ती सुकडी आणि अमेरिकेचा लाल मिलो खाऊन खडी फोडत होती, पाझर तलावांचे बांध घालत होती, आणि त्याच अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, हे मी माईकवर सांगितले आहे. माझे आबा, माझी आत्या आणि माझे वडील त्या ५० लाखांत होते, आणि कुठल्या बांधावर होते, हे मला ठाऊक नव्हते. कधी विचारलेच नव्हते.

आत्याने पुढचेही सांगितले. त्या वेळी आबा पंचविशीत होते, माझे वडील दहा वर्षांचे. आई-बाप गावी अंथरुणावर, म्हणून आबांनी धाकट्या भावाला कामावर सोबत आणले होते. मोठी माणसे खडी फोडायची, पोरगा पाणी द्यायचा. एका संध्याकाळी हजेरीच्या वेळी पोरगा दिसेना. टेंभे पेटवले, सारा माळ धुंडाळला. आबा रात्रभर हाका मारत फिरले, त्यांचा आवाज बसला. पहाटे मिलोची रिकामी पोती उचलताना एक पोते जड लागले. आत माझे वडील गाढ झोपले होते. थंडी वाजली म्हणून पोत्यात शिरले होते. आबांनी आधी एक मुस्काटात दिली, मग कवटाळून रडले. आत्या फोनवर हसत होती, आणि भाचीने वहीत लिहिले आहे की 'आज्जी हसता हसता थांबली'.

मुले तळ्यावर पोचली. एमआयडीसीची शेवटची भिंत संपते, तिथून पायवाट जाते. मातीचा लांब बांध, त्यावर बोरी-बाभळी, दगडी पिचिंग अजून शाबूत. तळ्यात जानेवारीत गुडघाभर पाणी आणि कडेला सुकत आलेला गाळ. त्या गाळात बुटांचे ठसे होते. इथे शंभर नव्हते, एकाच जोडीचे होते. पाण्यापर्यंत गेले होते, परत फिरले होते. पाण्यात गेलेले नव्हते, हे भाचीने दोनदा पाहिले. बांधावर एका सपाट दगडावर भाकरीचा चुरा होता. तिथून ठसे बांधाने खाली उतरून कच्च्या रस्त्याला लागत होते, आणि रस्त्याच्या मधोमध संपत होते. पुढे गाडीच्या चाकांच्या खुणा.

"अपहरण!" आमचे चिरंजीव ओरडले.

भाचीने चाकांकडे पाहिले. तिला दूरवर कर्ण्याचा आवाज येत होता, तो दिवसभर येतच होता. तिने टेम्पोतल्या पोराला फोन लावला.

"दादा, तुमच्या गाडीत किती जण आहेत?"

"सहा."

"निघताना किती होता?"

"पाच की. का गं?"

वाचकहो, प्रस्तुत लेखक बी.कॉम. आहे. ताळा जुळवणे हाच त्याचा धंदा, त्यावरच त्याचे पोट चालते. दोन रुपये जास्त आले तरी तो रात्री आठपर्यंत ऑफिसात बसतो. तो टेम्पो त्याच्यासमोरून त्या दुपारी तीन वेळा गेला, आणि एकदाही त्याने माणसे मोजली नाहीत.

सहावा माणूस कोण, असे विचारल्यावर तो पोरगा म्हणाला, "एक म्हातारबा आहेत, कंपनीतले रिटायर. तळ्याजवळ भेटले. माणूस हरवलंय म्हणल्यावर म्हणले, मी बी येतो, हा माळ मला पाठ हाय. लई हाका मारतेत. आमच्यापेक्षा जास्त."

"काय हाका मारतात?"

पोराने फोन तसाच मागे धरला. त्या तिघांनी ऐकले. कर्णा "आबा" म्हणत होता आणि त्याच्या मागून आबा, बसलेल्या आवाजात, माझ्या वडिलांना हाक मारत होते.

पुढे मी वर्तमानपत्रांतून शोधले तेव्हा कळले की असे जगात झालेले आहे. आइसलँडमध्ये २०१२ च्या ऑगस्टमध्ये प्रवाशांच्या एका बसमधली बाई ज्वालामुखीच्या दरीजवळ हरवल्याचा बोभाटा झाला. तिने वाटेत कपडे बदलले होते, म्हणून सोबत्यांनी तिला ओळखले नाही, आणि तिनेही जे वर्णन ऐकले त्यात स्वतःला ओळखले नाही. पहाटे तीनच्या सुमारास शोध थांबला, तोवर ती स्वतःच शोधात सामील होती. तुर्कस्तानात बुर्सा प्रांतात २०२१ साली एक गृहस्थ मित्रांबरोबर पिऊन रानात भरकटले आणि आपल्याच शोधपथकात शिरले. लोक आपलेच नाव घेऊन ओरडताहेत हे ऐकल्यावर त्यांना उमगले. आमच्या आबांचे प्रकरण या दोघांहून निराळे आहे. त्यांनी प्यायलेलीही नव्हती, आणि ते स्वतःला शोधतही नव्हते.

हेही वाचनात आले की विस्मरण झालेली माणसे बहुधा रस्ता धरून सरळ चालत राहतात, पुढे काही अडेपर्यंत. आपण मारलेल्या हाकांना ती सहसा उत्तर देत नाहीत, कारण आपण हरवलो आहोत असे त्यांना वाटतच नसते. अनेकदा ती जुन्या घराकडे किंवा जुन्या कामाच्या जागेकडे निघतात. म्हणून कुठे गेले असतील याआधी, पूर्वी कुठे होते हे विचारावे. माझ्या भाचीने यातले काही वाचलेले नव्हते.

मी बांधावर पोचलो तेव्हा टेम्पो येऊन उभा होता. आबा फळीवरून उतरले. निळ्या जाकिटाच्या पाठीवर कंपनीचे नाव, पायात दोन नंबर मोठे बूट, केस धुळीने पांढरे झालेले. त्यांनी मला पाहिले. मी वडिलांसारखा दिसतो, सगळेच म्हणतात. ते तरातरा चालत आले, आणि मला वाटले की बसणार आता मुस्काटात.

"कुठं हुतास रं?" ते म्हणाले. "समदं रान पालथं घातलं. घसा बसला माजा."

मी म्हटले, "झोप लागली होती, आबा."

त्यांनी जाकिटाच्या खिशातून पेपरात गुंडाळलेली अर्धी भाकरी काढली आणि माझ्या हातात दिली. "खा. उपाशी असशील." आक्काने सकाळी त्यांना दिलेली ती भाकरी होती, अर्धी त्यांनी बांधावर खाल्ली होती आणि अर्धी ठेवली होती. मी तिथेच उभा राहून ती खाल्ली. चिरंजीव काही तरी बोलणार होते, भाचीने त्यांचा हात दाबला.

शेतावर आल्यावर बायका रडल्या, मग आबांना रागावल्या, मग त्यांना हुरडा चोळून दिला. आबांनी तो टेम्पोतल्या पाचही पोरांना आधी वाढायला लावला. "माझ्या भावाला शोधाया आली हुती पोरं," असे त्यांनी सर्वांना सांगितले. कोणी दुरुस्त केले नाही. मी ११२ ला फोन करून माणूस सापडल्याचे कळवले. कुठे सापडले, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "शोधणाऱ्यांत." पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही.

त्या दिवसानंतर आम्ही काही गोष्टी केल्या. आबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत फोन नंबरची चिंधी शिवली आहे. त्यावर त्यांनी "मी काय पार्सल हाय?" अशी हरकत घेतली. बाहेर जाताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्यांचा फोटो काढतो. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक दाराजवळ लिहिला आहे, तुम्हीही लिहून ठेवा. भाची आता दर रविवारी वही घेऊन आत्याकडे जाते. बहात्तर सालची तिची चौदा पाने भरली आहेत, आणि त्यात माझ्या वडिलांविषयी मला ठाऊक नसलेल्या सहा गोष्टी आहेत.

बूट मात्र परत मिळाले नाहीत. आबा ते उशाशी ठेवून झोपतात, कारण तळ्याचे काम अजून बाकी आहे. दाजींना स्टोअरमधून नवी जोडी मागावी लागली. अर्जात 'जुने बूट गहाळ होण्याचे कारण' असा रकाना होता. दाजींनी प्रामाणिकपणे लिहिले: 'चुलत सासरे कामावर घालून गेले.' अर्ज मंजूर झाला.